पोलार एच१० छातीचा पट्टा: टर्फवरच्या फुटबॉल सरावात किती कामाचा?

ठाण्यात घोडबंदर रोडला किंवा नवी मुंबईत नेरूळ-खारघरच्या टर्फवर संध्याकाळी सराव करणाऱ्या बऱ्याच मुलांच्या मनगटावर आता स्मार्टवॉच असतं. "सर, माझा हार्ट रेट एकशे ऐंशीला गेला," असं मुलं स्वतःहून सांगतात. आकडा खरा असेल तर दम वाढवण्याच्या सरावात त्याची मोठी मदत होते. तो खरा मिळायला छातीवरचा पट्टा लागतो, आणि पट्ट्यांमध्ये पोलार एच१० आम्ही पहिल्या क्रमांकावर ठेवतो. फक्त एक अट आहे. प्रत्येक खेळाडूची कमाल हृदयगती, म्हणजे पूर्ण जोर लावल्यावर मिनिटाला पडणारे जास्तीत जास्त ठोके, मैदानावर मोजून घ्या. वयावरून काढलेला आकडा भरून हा पट्टा वापरलात तर चांगल्या यंत्रातूनही चुकीचाच सराव होईल.

पोलार ही फिनलंडमधली, १९७७ पासूनची कंपनी. एच१० मध्ये दोन भाग असतात: साधारण एक सेंटिमीटर जाडीचा सेन्सर आणि इलॅस्टिकचा पट्टा. पट्ट्याच्या आतल्या बाजूला विजेचे संकेत टिपणाऱ्या मऊ पट्ट्या असतात, आणि पट्टा घसरू नये म्हणून सिलिकॉनचे ठिपके. सेन्सर दोन प्रेस बटणांनी पट्ट्यावर बसतो. तो ब्लूटूथ आणि अँट प्लस (फिटनेस यंत्रांमधला बिनतारी मार्ग) अशा दोन्ही मार्गांनी आकडे पाठवतो आणि एका वेळच्या सरावाची नोंद स्वतःच्या मेमरीतही ठेवतो. सीआर २०२५ सेलवर चालतो. एका सेलवर कंपनी ४०० तास सांगते. पाण्याची भीती नाही, त्यामुळे जुलैतल्या पावसातही सराव थांबवावा लागत नाही.

साइझ बघूनच घ्या. मोठा पट्टा छातीखालच्या ६५ ते ९३ सेंटिमीटर घेरासाठी असतो, लहान ५१ ते ६५ साठी. चौदा-पंधरा वर्षांच्या बारीक मुलाला मोठा पट्टा पूर्ण आवळूनही सैल पडतो. मग धावताना तो पोटावर उतरतो आणि आकडे गायब होतात. दुकानात जाण्याआधी छातीच्या स्नायूंच्या लगेच खालचा घेर टेपने मोजा.

बांधायची पद्धत सोपी आहे, पण निम्म्या तक्रारी तिथेच उगवतात. पट्ट्याच्या आतल्या पट्ट्या साध्या पाण्याने चांगल्या ओल्या करा. नुसतं बोट फिरवून भागत नाही, नळाखाली धरा. पट्टा छातीच्या स्नायूंखाली, उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) खालच्या टोकापाशी बसवा. दोन बोटं कशीबशी आत जातील इतपत घट्ट असावा. मग सेन्सर लावा, त्यावरचं नाव समोरच्याला सरळ वाचता आलं पाहिजे. कोरड्या पट्ट्याने सुरुवात केली तर घाम सुटेपर्यंतची पहिली पाच-सात मिनिटं वाया जातात. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या सकाळी तर सिंथेटिक जर्सी पट्ट्यावर घासून वॉर्मअपमध्येच २२० सारखे आकडे दिसतात. जर्सी अंगाला चिकटू लागली की ते थांबतं. तोवरचा कमाल आकडा नोंदीत धरू नका.

मनगटावरच्या घड्याळाची अडचण तंत्रातच आहे. ते कातडीखालचं रक्त प्रकाशाने मोजतं. फुटबॉलमध्ये हात सतत झटकतात, मनगट वळतं, घामाने घड्याळ सरकतं, आणि प्रकाशाच्या मोजणीत या हालचाली मिसळतात. कित्येकदा घड्याळ हृदयाचे ठोके सोडून पावलांचा ताल पकडतं. मिनिटाला १६५-१७० पावलं पडत असतील तर तोच आकडा हार्ट रेट म्हणून दिसतो, आणि तो खरा वाटण्याजोगाच असल्याने कुणाला शंकाही येत नाही. पट्टा हृदयाचा विद्युत संकेत थेट पकडतो, त्यामुळे हा घोळ तिथे होत नाही. शिवाय मॅचमध्ये घड्याळ घालताच येत नाही. पट्ट्याचंही अधिकृत स्पर्धेत आधी आयोजकांना विचारा. अंगावरच्या इलेक्ट्रॉनिक साधनांना परवानगी देणं त्यांच्या हातात असतं.

आता मूळ मुद्द्याकडे. पोलारच्या ॲपमध्ये वय भरलं की ते २२० मधून वय वजा करून कमाल हृदयगती धरतं. हे सूत्र मोठ्या समूहाची सरासरी म्हणून ठीक आहे. एकेकट्या माणसाच्या बाबतीत ते दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं, कधी त्याहूनही जास्त. सतरा वर्षांचा मुलगा घ्या. सूत्राप्रमाणे त्याची कमाल २०३, म्हणून दम वाढवणाऱ्या चार-चार मिनिटांच्या फेऱ्यांसाठी लागणारी ९० टक्क्यांची रेषा १८३ वर. त्याची खरी कमाल १९२ असेल तर १८३ म्हणजे ९५ टक्क्यांच्याही वर. तिथे चार मिनिटं टिकणं त्याला शक्यच नाही. कोचला वाटतं पोरगा कामचोर आहे, आणि पोरगा प्रत्येक वेळी दुसऱ्या फेरीत कोसळतो. उलट दुसऱ्याची खरी कमाल २११ असेल तर तोच १८३ त्याच्यासाठी ८७ टक्के. तो आरामात पळतो, शाबासकी मिळवतो, आणि त्याचा दम वाढत नाही.

म्हणून यो-यो टेस्ट घ्या, इंटरमिटंट रिकव्हरी, लेव्हल १. वीस मीटर जायचं, वीस मीटर यायचं, मग दहा सेकंदांत मागच्या पाच मीटरच्या कोनला वळसा घालून परत रेषेवर. सुरुवात ताशी १० किलोमीटरने होते आणि बीपच्या तालावर वेग वाढत जातो. एकूण २५ मीटर लागतात, म्हणजे ३० मीटर लांबीच्या टर्फवर ती बसते. वळताना जाळीवर आपटू नये म्हणून वीस मीटरच्या रेषेपलीकडे दोन-तीन मीटर मोकळे सोडा. टेस्टच्या आदल्या दिवशी जड सराव नको, आणि आधी पंधरा मिनिटांचा वॉर्मअप हवाच. मुलगा खरोखर थांबेपर्यंत पळू द्या. शेवटच्या मिनिटातला, चढत चढत आलेला आणि निदान पाच सेकंद टिकलेला सर्वांत मोठा आकडा ही त्याची कमाल. एका सेकंदात १७० वरून २१५ वर उडी मारून परत आलेला आकडा पट्टा सरकल्याचा असतो, तो सोडून द्या. नंतर कधी मॅचसारख्या खेळात त्याहून मोठा आकडा नीट टिकलेला दिसला तर यापुढे तोच धरा. मग ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन कमाल हृदयगती हाताने बदला. पोलारचे पाच झोन दहा-दहा टक्क्यांचे आहेत आणि लाल रंगाचा पाचवा झोन ९० ते १०० टक्क्यांचा. कमाल एकदा बरोबर भरली की सराव संपल्यावर लाल झोनमधली मिनिटं वाचायची, वेगळा हिशेब लागत नाही.

हीच मिनिटं महत्त्वाची. नॉर्वेतल्या संशोधकांनी २००१ मध्ये ज्युनियर फुटबॉलपटूंवर केलेला प्रयोग आजही या कामाचा पाया आहे. आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे, चार-चार मिनिटांच्या चार फेऱ्या कमाल हृदयगतीच्या ९० ते ९५ टक्क्यांवर, आणि मध्ये तीन मिनिटं हलकं जॉगिंग. या मुलांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता किलोमागे मिनिटाला सरासरी ५८.१ मिलिलिटरवरून ६४.३ वर गेली, आणि मॅचमध्ये कापलेलं अंतर सुमारे २० टक्क्यांनी वाढलं.

१९२ कमाल असलेल्या आपल्या मुलासाठी याचा अर्थ १७३ ते १८२ ठोके, आणि मधल्या जॉगिंगला ११५ ते १३५. जॉगिंगमध्ये उभं राहू देऊ नका, चालत तरी ठेवा. चार मिनिटांतलं पहिलं मिनिट-दीड मिनिट हृदयगती वर चढण्यातच जातं. त्यामुळे एका फेरीत लाल झोनमध्ये अडीच-तीन मिनिटं मिळाली तर फेरी उत्तम झाली, आणि चारही फेऱ्या मिळून दहा-बारा मिनिटं म्हणजे काम फत्ते. फेरी सुरू होऊन तीस सेकंदच झालेत आणि आकडा १५० दाखवतोय म्हणून "अजून जोरात!" असं ओरडणारा कोच मुलाला स्प्रिंट मारायला लावतो. मग तिसऱ्या मिनिटाला पाय भरून येतात आणि हृदयगती उलट खाली येते. पहिल्या फेरीत मुद्दाम थोडं राखून पळायला सांगा.

टर्फ तासावर मिळतं, आणि हा सराव तासात बसतो. वॉर्मअपला पंधरा मिनिटं. फेऱ्या सोळा मिनिटांच्या आणि मधले तीन जॉगिंगचे तुकडे नऊ मिनिटांचे, म्हणजे पंचवीस. उरलेली वीस मिनिटं पासिंग, फिनिशिंग, नाहीतर साधी मॅच. पट्टे बांधणं, फोन जोडणं हे स्लॉट सुरू होण्याआधी बाहेरच्या बाकावर उरका. आत शिरून हे सुरू केलं तर दहा मिनिटं जातात.

चेंडूशिवाय नुसतं पळायला मुलं कंटाळतात, आणि त्याची गरजही नाही. छोट्या संघांच्या खेळातून तीच हृदयगती मिळते, मात्र जागेचं गणित जमायला हवं. ३० बाय १८ मीटरच्या टर्फवर तीनास तीन खेळवलं तर माणशी ९० चौरस मीटर येतात, आणि हृदयगती नव्वद टक्क्यांच्या वर जायला तेवढे पुरतात. त्याच टर्फवर पाचास पाच खेळवलं की माणशी ५४ उरतात. खेळ गर्दीचा होतो, चेंडू पायात अडकतो, दोन मुलं सोडली तर बाकीची ८०-८५ टक्क्यांवर रेंगाळतात. आपल्याकडच्या टर्फवर बहुतेक वेळा हेच चालतं, आणि "रोज एक तास मॅच खेळतो तरी दम का वाढत नाही" याचं उत्तर बरंचसं इथे आहे. गोलकीपर काढा, दोन्ही टोकांना छोटे गोल ठेवा. प्रत्येकाला एकेक माणूस मार्क करायला सांगा. चार-सहा जादा चेंडू जाळीलगत ठेवा आणि चेंडू बाहेर गेला की लगेच नवा आत टाका. चेंडू आणायला जाण्यात वीस सेकंद गेले की हृदयगती दहा ठोक्यांनी उतरते, पट्ट्यावर ते स्वच्छ दिसतं. कोचने बाहेरून आवाज देत राहणंही मोजण्याइतका फरक पाडतं. चेंडूवर कच्च्या असलेल्या मुलाची हृदयगती अशा खेळात कमी राहते, कारण तो चेंडूपासून लांब राहतो. त्याला आठवड्यातला एक दिवस कोनमधून ड्रिबल करत चार मिनिटांच्या फेऱ्या द्या.

पट्टा काय दाखवत नाही, हेही माहीत असावं. पाच सेकंदांचा स्प्रिंट, उडी, वळण, टॅकल यांचा ताण हृदयगतीत तेव्हाचा तेव्हा उतरत नाही. ती मागून येते आणि सावकाश उतरते. स्प्रिंटचा सराव हार्ट रेटवर चालवणं निरर्थक आहे, तिथे सेकंद आणि मीटर मोजा. गोलकीपरच्या सरावालाही हे यंत्र फारसं काही सांगत नाही.

आपल्या हवेचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात खाडीकाठच्या दमट हवेत घाम सुकत नाही. शरीर थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, अंगातलं पाणी घटतं, आणि तेवढ्याच वेगाला हृदय जास्त ठोके देतं. जानेवारीतल्या सकाळी ज्या वेगाला १६५ दिसतात, त्याच वेगाला मेमध्ये १७५ किंवा जास्त दिसू शकतात, आणि सराव लांबला तर आकडा आपोआप वर सरकत राहतो. लाल झोनमधली मिनिटं भरली, पण पाय तेवढे पळालेच नाहीत, अशी स्थिती येते. म्हणून उन्हाळ्यात मिनिटांबरोबर अंतरही लिहा: चार मिनिटांत टर्फच्या किती फेऱ्या झाल्या. सरावाआधी आणि नंतर वजन करा. ६० किलोच्या मुलाचं वजन १.२ किलोने घटलं तर वजनाच्या दोन टक्के पाणी गेलं, आणि पुढच्या वेळी मधल्या विश्रांतीत पाणी वाढवायला हवं. मेच्या आकड्यांची जानेवारीशी तुलना करू नका.

प्रगती बघायला दर तीन-चार आठवड्यांनी यो-योची पहिली सहा मिनिटंच पळवा आणि सहाव्या मिनिटाची हृदयगती लिहा. दम वाढला की ती उतरते. तीन-चार ठोक्यांचा फरक झोप, चहा, उकाडा यानेही पडतो, त्यावर निष्कर्ष काढू नका. वेळ आणि टर्फ तेच ठेवा. आकडा सात-आठने वर गेला आणि मुलगा नेहमीपेक्षा मलूल दिसत असेल तर त्या दिवशी जड सराव नको. ताप येऊ घातलेला असू शकतो, परीक्षेची जागरणं असू शकतात.

अख्ख्या संघासाठी एच१० घ्यावा का? इथे आमचं मत थोडं हात राखून आहे. पोलारचं बीट हे ॲप एका माणसासाठी आहे, त्यात बारा मुलं एका पडद्यावर दिसत नाहीत. ब्लूटूथचा संकेत मधे माणसाचं अंग आलं की दबतो. मुलगा पाठमोरा झाला, टर्फच्या दुसऱ्या टोकाला गेला की तुटतो. मोठ्या मैदानावर तर त्याचा भरवसाच धरू नका. मेमरीचा उपयोग करा: सुरुवातीला ॲपमधून नोंद चालू करायची, फोन बॅगेत ठेवायचा, शेवटी सेन्सरमधून उतरवून घ्यायची. मुलाच्या स्वतःच्या फोनमध्येही तोच सेन्सर जोडलेला असेल तर तो फोन आधी जोडणी पकडू शकतो आणि कोचच्या फोनला सेन्सर दिसेनासा होऊ शकतो. अशा वेळी मुलाच्या फोनचं ब्लूटूथ बंद करायला सांगा. सेन्सर तीन-चार असतील तर त्यांवर मार्करने आकडे घाला, आणि ॲपमध्ये दिसणारा त्याचा क्रमांक कुठल्या मुलाचा ते वहीत लिहून ठेवा. बारा सेन्सरपेक्षा चार सेन्सर आणि प्रत्येक मुलाचा स्वतःचा पट्टा ही मांडणी जास्त शहाणपणाची. पट्टा वेगळा विकत मिळतो, आणि दुसऱ्याच्या घामाचा पट्टा कुणाला बांधावा लागत नाही. दर सरावाला वेगळी चार मुलं मोजा, तीन सरावांत सगळ्यांचा अंदाज येतो.

मुलींच्या संघात पट्टा स्पोर्ट्‌स ब्राच्या खालच्या पट्टीखाली नीट बसतो, उलट तिच्यामुळे जागचा हलत नाही. पट्टी फार घट्ट असेल तर मात्र दोन्ही एकमेकांवर चढतात आणि कातडी सोलते. बांधणं-सोडणं मुलींनी स्वतःच करावं, कोचने तोंडी समजावलं की पुरतं. ज्यांना छातीचा पट्टा नकोच, त्यांच्यासाठी दंडावर बांधायचा पोलार व्हेरिटी सेन्स आहे. तोही प्रकाशावरच चालतो, पण दंड मनगटाइतका वळत-झटकत नाही, म्हणून मनगटाच्या घड्याळापेक्षा बरा. हृदयगती झपाट्याने चढते-उतरते तेव्हा तो पट्ट्याच्या किंचित मागे राहतो. चार मिनिटांच्या फेऱ्यांना तेवढं चालतं.

निगा राखली नाही तर कुठलाही छातीचा पट्टा लवकर बिघडतो. आपल्याकडे दोन गोष्टी त्याच्या मुळावर येतात: घामातलं मीठ आणि पावसाळ्यातला ओलावा. सराव संपताच सेन्सर बटणांतून सोडवा. ओल्या पट्ट्याला लावून ठेवला तर त्याला माणूस अजून बांधलेलाच आहे असं वाटतं आणि सेल रात्रभर जळत राहतो. पट्टा साध्या पाण्याखाली धुवा, पिळू नका, पंख्याखाली आडवा वाळवा. चार-पाच वापरांनंतर ४० अंशांच्या पाण्यात सौम्य साबणाने धुवा. कपडे मऊ करणारं द्रव्य, ब्लीच, इस्त्री नको. बटणांवर काळपट थर दिसला की कोरड्या फडक्याने पुसा, आकडे तुटण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे. संध्याकाळी टर्फवर डास असतात म्हणून मुलं मलम चोपडतात. ते पट्ट्याच्या आतल्या पट्ट्यांना लागू देऊ नका, हात धुऊनच पट्टा हाताळा. धुऊन, ओला करून, नवा सेल घालूनही आकडे तुटत असतील तर पट्टा संपला. सेन्सर फेकू नका, फक्त पट्टा बदला.

आणखी एक गोष्ट गंभीरपणे घ्या. पट्टा म्हणजे डॉक्टरांचा ईसीजी नव्हे. पळताना छातीत दुखलं, घेरी आली, मुलगा कोसळला, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर आकडा कितीही चांगला दिसो, सराव थांबवा आणि हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवा. पट्टा ओला, घट्ट आणि स्वच्छ असूनही आकडा अचानक उसळून वरच राहत असेल आणि मुलालाही धडधड जाणवत असेल, तरी तेच करा.

तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी हे काही घेऊ नका, त्यांना चेंडू आणि मोकळी जागा पुरे. त्यावरच्या, आठवड्यातून तीन-चार दिवस सराव करणाऱ्या खेळाडूला एच१० घ्यायला हरकत नाही. पट्ट्याबरोबर दोन सेल घेऊन ठेवा. दुकानात सहज मिळतो तो सीआर २०३२, आणि तोही २० मिलिमीटर व्यासाचाच असल्याने दुकानदार बेलाशक देतो. पण तो ३.२ मिलिमीटर जाड असतो आणि एच१० ला लागणारा २०२५ अडीच मिलिमीटर. जाड सेल दाबून बसवला तर झाकण नीट लागत नाही, आणि सील उघडं राहून घाम आत जातो.